पोत्यातलं औषध, टाकीतलं औषध

नेदरलँड्समध्ये ताप आला तर डॉक्टर काय देतो, हे इथल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. पॅरासिटामॉल, आणि आठवडाभरात बरं वाटलं नाही तर पुन्हा फोन करा. गावाहून आलेल्या आईवडिलांना हे पटत नाही. ते बॅगेत गोळ्यांची पाकिटं घेऊनच विमानात बसतात. माणसांना अँटिबायोटिक देण्यात हा देश युरोपात सर्वांत हात आखडता, ही ख्याती खरीच आहे. पण 2007 च्या आकड्यांवरून दहा युरोपीय देशांची तुलना झाली, तेव्हा जनावरांमागे सर्वांत जास्त अँटिबायोटिक विकणारा देशही हाच निघाला.

माझी नोकरी या दुसऱ्या बाजूची. सांगली जिल्ह्यात विट्याजवळ काकांची पोल्ट्री होती. वाखेनिंगनला पशुपोषण शिकायला आलो आणि 1998 मध्ये गेल्डरलँडमधल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात लागलो. कोंबडीचं खाद्य आणि कोंबडीचं औषध यांच्यात त्या काळी भिंत नव्हती, ती पुढं उभी राहताना मी पाहिली.

हा सगळा भाग कोंबड्यांचाच. आमर्सफोर्टहून एडे-वाखेनिंगनला जाणाऱ्या रेल्वेला लोक कोंबडीलाइन म्हणतात आणि मध्ये बार्नेव्हेल्ड लागतं. तिथं पोल्ट्रीचं संग्रहालय आहे, त्यात अंड्यांचा जुना लिलाव घड्याळासकट अजून करून दाखवतात. जमीन वाळूची, हलकी, शेतं लहान. 1880 च्या सुमारास अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि इथल्या धान्याचे भाव कोसळले. मग शेतकऱ्यांनी तेच स्वस्त धान्य विकत घेऊन कोंबड्याडुकरांना घालायला सुरुवात केली. जमीन नसली तरी चालेल, रॉटरडॅम बंदर जवळ हवं, असा हा धंदा. आज देशात सुमारे दहा कोटी कोंबड्या आहेत, म्हणजे माणशी पाच तरी.

औषध खाद्यात आलं ते अमेरिकेतून. 1940 च्या दशकाच्या शेवटी लेडर्ले कंपनीत टॉमस ज्यूक्स पिल्लांना ऑरिओमायसिन तयार झाल्यावर उरलेला चोथा खाऊ घालत होता. त्याला शोधायचं होतं जीवनसत्त्व. पण पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली आणि त्याचं श्रेय चोथ्यात राहिलेल्या अँटिबायोटिकला गेलं. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या खाद्यात ते चिमूटभर पडत राहिलं. आमच्याकडे प्रीमिक्सची पोती येत. टनाला दहा ग्रॅमच्या आसपास प्रमाण, आजारी पक्ष्याला देतात त्याच्या कितीतरी खाली. मिक्सरमध्ये ते टाकताना कुणाला आपण औषध देतोय असं वाटत नसे. मीठ आणि चुन्याच्या रांगेतलाच तो एक आकडा होता. ब्रिटनमध्ये स्वान समितीनं 1969 मध्येच यावर बोट ठेवलं होतं. माणसांच्या उपचारात लागणारी औषधं खाद्यात नकोत, असं तिचं म्हणणं. मग माणसांना न लागणारी नावं शोधली गेली.

त्यातलंच एक अ‍ॅव्होपार्सिन. माणसांसाठी ते वापरत नव्हते हे खरं, पण त्याचा सख्खा भाऊ म्हणजे व्हँकोमायसिन, दवाखान्यातलं राखीव शस्त्र. मास्त्रिख्तच्या संशोधकांनी 1997 मध्ये टर्की पाळणाऱ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. व्हँकोमायसिनला दाद न देणारे जंतू टर्कींच्या निम्म्या कळपांत सापडले, टर्की पाळणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांत, कापणाऱ्यांपैकी 20 टक्क्यांत आणि आसपासच्या रहिवाशांपैकी 14 टक्क्यांत. जंतू शेडपासून किती लांब गेला हे एका उतरत्या रांगेत दिसत होतं. त्याच वर्षी युरोपीय संघानं अ‍ॅव्होपार्सिन बंद केलं, 1999 मध्ये आणखी चार, आणि 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी म्हणून वापरायची उरलीसुरली सगळी. (कॉक्सिडियावरची काही औषधं खाद्यात राहिली, आजही आहेत, आणि अँटिबायोटिकच्या हिशेबात ती धरत नाहीत. हा वाद इथं नको.)

इतिहास सांगणारे बहुतेक इथं थांबतात: बंदी आली, प्रश्न मिटला. कारखान्यात बसून मला वेगळंच दिसत होतं. पोती गेली तशी शेडच्या पुढच्या खोलीतली निळी टाकी कामाला लागली. पिल्लं चार दिवसांची झाली, विष्ठा पातळ दिसली, की डॉक्टरला फोन. पाणी थोडा वेळ तोडायचं, पक्षी तहानले की निपलच्या लाइनी खाली घ्यायच्या, टाकीत पावडर ढवळायची आणि डोसिंग पंप सुरू करायचा. एक पिल्लू आजारी असो की शंभर, औषध वीस हजारांच्या पोटात जाणार. आणि हे पूर्ण कायदेशीर, कारण हातात डॉक्टरची चिठ्ठी. देशात जनावरांच्या उपचारासाठीची अँटिबायोटिक विक्री 1999 मध्ये तीनशे टनांच्या थोडी वर होती, ती 2007 मध्ये 565 टनांवर गेली. पोत्यातून काढलेलं जवळजवळ सगळं टाकीत आलं होतं.

सरकार हललं ते माणसांच्या भीतीनं. 2004 मध्ये नाइमेखनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी सहा महिन्यांच्या एका बाळाच्या अंगावर एमआरएसए, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू, सापडला. आईवडील डुकरं पाळणारे. 2007 पासून शेळ्यांमधून क्यू-तापाची साथ पसरली, चार हजारांवर माणसं आजारी पडली, गाभण शेळ्यासुद्धा माराव्या लागल्या. आणि मग कोंबडी. ब्रेडाचे सूक्ष्मजीवतज्ज्ञ यान क्लाउटमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुकानातल्या चिकनमध्ये ईएसबीएल जंतू शोधले, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातली बहुतेक औषधं निकामी करणारे. ऐंशी टक्के नमुन्यांत ते निघाले. हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लांना त्याच घराण्यातलं सेफ्टिओफर टोचण्याची पद्धत होती, परवाना नसलेला वापर. ती 2010 मध्ये थांबली.

खरी कलाटणी मात्र एका कंटाळवाण्या कार्यालयानं दिली. 2010 मध्ये उट्रेक्टला एसडीए ही पशुऔषध संस्था स्थापन झाली. 2009 च्या तुलनेत 2011 पर्यंत वीस टक्के कपात, 2013 पर्यंत पन्नास, ही उद्दिष्टं सरकारनं ठरवली. सत्तर टक्क्यांचं नंतर आलं. एका फार्मला एकच डॉक्टर, करार लेखी. प्रत्येक चिठ्ठी डेटाबेसमध्ये. त्यावरून वर्षाला एका पक्ष्याच्या वाट्याला औषधाचे किती दिवस आले ते निघतं आणि फार्म हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यात पडतो. 2014 पासून डॉक्टरांचीही अशीच प्रतवारी सुरू झाली.

मी खाद्याच्या तक्रारी ऐकायला फार्मवर जायचो, तेव्हा पहिला लाल शेरा आलेला एक पोल्ट्रीवाला भेटला. खाद्य वाईट म्हणून माझ्यावर चिडला, मग हॅचरीवर, मग सरकारवर. मरतूक त्याची सगळ्यांसारखीच होती, म्हणून तर त्याला राग. त्याच जातीची पिल्लं, त्याच गिरणीचं खाद्य, आणि दुसऱ्याला निम्म्या औषधात भागतंय, हे त्याच्या पचनी पडेना. पुढच्या खेपेला गेलो तर दोन बॅचच्या मधल्या दिवसांत पाइपलाइन आतून धुऊन काढायचं काम चाललं होतं. आत लोण्यासारखा बुळबुळीत थर. पिल्लं यायच्या आधी दोन दिवस जमीन तापवायला त्यानं सुरुवात केली. यात विज्ञान काही नवं नव्हतं, काकाही 'पाणी स्वच्छ तर पोल्ट्री स्वच्छ' म्हणायचे. फरक एवढाच की टाकीत पावडर ओतणं आता फुकटचं राहिलं नव्हतं. त्याचा आकडा कुणीतरी वाचत होतं.

पन्नास टक्क्यांची कपात 2012 मध्येच झाली, ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी. दुकानातल्या चिकनमधले ईएसबीएलही पुढं झपाट्यानं उतरले. नंतर सावकाश वाढणाऱ्या जाती आल्या, बेचाळीसऐवजी छप्पन्न दिवस. त्यांना औषध फारच कमी लागतं. पण यावरून दवाखान्यातला प्रश्न कोंबडीनं आणला आणि कोंबडीनंच सोडवला, असं धरू नये. 2019 मध्ये इथल्याच संशोधकांनी हिशेब मांडला: समाजात ईएसबीएल बाळगणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास जणांना तो दुसऱ्या माणसाकडून येतो, अन्नातून एकोणीस टक्के. ही बातमी आमच्या धंद्यातल्या लोकांनी फार प्रेमानं एकमेकांना पाठवली. एकोणीस टक्के थोडे नाहीत, हे मात्र कुणी लिहिलं नाही.

भारतात 2019 च्या जुलैमध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. विट्याला चुलतभाऊ आता एका कंपनीसाठी करारावर ब्रॉयलर पाळतो. शेडच्या दाराशी बॅचकार्ड टांगलेलं असतं: रोजचं खाद्य, रोजची मरतूक, वजन, आणि शेवटी औषधाचा रकाना. सुपरवायझर येतो, नाव आणि मात्रा लिहितो, पक्षी उचलून नेले की कार्ड घेऊन जातो. चुलतभावाला त्यावरून एफसीआर, म्हणजे किती खाद्यात किती वजन, कळतो, पैसे कळतात. त्या औषधाच्या रकान्याची शेजारच्या शेडशी तुलना करून कुणी त्याला कधी काही विचारल्याचं त्याला आठवत नाही.