अर्धा कोयता

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. या व्यवसायात मजुरांची मोजदाद माणशी होत नाही, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला आणि हंगामअखेर हिशेब होतो तोही कोयत्याचाच. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. कामावर न गेलेल्या दिवसाला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. ताप किंवा बाळंतपणही जिथे सहसा सबब ठरत नाही, तिथे पहाटे उठण्याची इच्छाच मेलेल्या, किंवा कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे या भयाने फडात पाऊल न टाकणाऱ्या माणसाची काय कथा? त्याचा खाडा पडतो, त्याच्या जोडीदाराचाही पडतो, आणि पुढच्या वर्षी मुकादम त्या घराला उचल देताना दहादा विचार करतो.

मनाच्या आजारातून जाणाऱ्या माणसाला काम मिळावे आणि मिळालेले टिकावे यासाठी आपल्याकडे काय केले गेले, याचा शोध आम्ही याच जिल्ह्यापासून सुरू केला. शोधू लागल्यावर हाती दोन इतिहास येतात. एक रोजगाराचा, दुसरा मनोरुग्णांच्या सेवेचा. दोन्ही आपापल्या परीने भरघोस आहेत. मात्र ते समांतर चालतात आणि एकमेकांना क्वचितच भेटतात. आजारी माणसाचे आयुष्य नेमके या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत अडकून पडते.

जालन्याहून येरवड्याकडे

धाराशिव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानाचे वेड्यांचे इस्पितळ काही दशके जालन्यात होते. १९५३ मध्ये ते हैदराबादला गेले. तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा रुग्णालय एका राज्यात आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली चार मोठी मनोरुग्णालये रत्नागिरी, ठाणे, येरवडा आणि नागपूर येथली. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. धाराशिवच्या कुटुंबाने सुमारे अडीचशे किलोमीटरांवरच्या पुण्याची वाट धरायची, नाहीतर देवस्थानांची.

या जुन्या संस्थांत काम नव्हते असे नाही. विणकाम, बागकाम, स्वयंपाकघरातली कामे रुग्णांकडून करून घेतली जात. पण ते काम भिंतीच्या आतले होते. त्याने वेळ जाई, शिस्त राही, संस्थेचा खर्चही थोडा कमी होई. बाहेर पडल्यावर मात्र त्याचा उपयोग नसे. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१२ चा कायदा वाचताना एक गोष्ट आम्हांला विशेष जाणवली. वेडा ठरलेल्या माणसाच्या मिळकतीची व्यवस्था कोणी आणि कशी पाहावी याचा त्यात बारकाईने विचार आहे. ज्याच्याजवळ मिळकत नाही, केवळ मजुरी आहे, त्याच्या मजुरीचे काय, हा प्रश्न त्या कायद्याला पडलेला नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मिळकतीचे प्रकरण राहिले आणि मजुरीचे आले नाही.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मनोरुग्णांवर उपचार करण्याचा प्रयोग झाला आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर हळूहळू पसरू लागला. औषध गावाजवळ आले, ही लहान गोष्ट नव्हे. पण औषधाने झोप लागू लागलेला, भास थांबलेला तरुण सकाळी उठून कुठे जाणार, हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागाच्या दारातच थांबला.

दुष्काळ आणि मस्टर

दुसरा इतिहास रोजगाराचा, आणि तो महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली. १९७२ च्या दुष्काळात ती मराठवाड्यातील लाखो लोकांच्या तोंडी घास देणारी ठरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढाला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे म्हणणारा हा कायदा त्या काळी जगात विरळा होता.

मात्र या कामाची घडण पाहावी. काम टोळीला मिळे, मोजमाप खोदलेल्या मातीचे होई आणि मजुरी त्या मोजमापावर ठरे. दर ठरवताना कागदावर एक सर्वसाधारण प्रकृतीचा, दिवसभर नेटाने राबणारा मजूर गृहीत धरलेला असे. टोळीत एखादा संथ असला तर सगळ्यांचीच मजुरी घटे. म्हणून संथ माणसाला टोळी नको म्हणे, आणि त्यात तिचा दुष्टपणा नव्हता, गरज होती. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली पाणी पाजणे, मुले सांभाळणे यांसारखी हलकी कामे अपंगांना समान मजुरीत द्यावीत अशा सूचना आल्या. पण ज्याचे हातपाय धड आहेत आणि मन थकले आहे, त्याच्यात आणि आळशात फरक कसा करायचा, हे मस्टर भरणाऱ्याला कोणी शिकवले नाही. गावाच्या नजरेत तो 'कामचोर' होता. कामचोराची सोय कुठल्याच सूचनेत नसते.

भूकंपानंतरच्या बायका

या दोन समांतर रेषा एकदा जवळ आल्या, आणि त्याही कोणी ठरवून आणल्या म्हणून नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली होती. वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले याची एक लहान पाहणी दिल्लीच्या वैद्यांनी केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५९ टक्के लोकांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सहभागाने हजारांहून अधिक गावांत स्थानिक बायकांना 'संवाद साहाय्यक' म्हणून नेमण्यात आले. घरमालकाला त्याचा हक्क समजावून सांगणे, भिंतीत आरपार दगड बसला की नाही हे पाहणे, अभियंत्याला प्रश्न विचारणे आणि गावाचे गाऱ्हाणे कचेरीपर्यंत नेणे, अशी ती कामे. आदल्या वर्षापर्यंत चावडीपुढून डोक्यावरचा पदर न ढळू देता जाणाऱ्या बायका सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मागू लागल्या.

या बायका रुग्ण म्हणून निवडलेल्या नव्हत्या आणि तो उपचाराचा कार्यक्रम नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. प्रत्येकीचे दुःख कामाने हलके झाले असा दावा करण्याचाही आमचा इरादा नाही. पण ज्या गावांत शोक घरोघरी होता, तिथे 'आधी दुःखातून बाहेर या, मग कामाला लावू' असे कोणी म्हटले नाही. काम आधी आले. ते काम खरे होते, गावाला हवे होते, आणि ते करणारी एकटी नव्हती. तिच्यामागे मंडळ होते, बैठक होती, चुकले तर सांगणारे कोणी होते. याच गोष्टींना पुढे जगाने शास्त्र म्हणून नाव दिले.

आधी काम

त्याच दशकात अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी गंभीर मानसिक आजाराच्या लोकांसाठी रोजगाराची एक नवी पद्धत बसवली. तोवरचा प्रघात असा होता की रुग्णाने आधी संरक्षित कार्यशाळेत मेणबत्त्या, पाकिटे करावीत, 'तयार' व्हावे आणि मग नोकरी शोधावी. ती तयारी बहुतेकांची आयुष्यभर संपत नसे. नव्या पद्धतीने क्रम उलटा केला. ज्याला काम हवे आहे त्याला लवकर, त्याच्या आवडीचे आणि बाजारातलेच काम शोधून द्यायचे. काम शोधणारा साहाय्यक आणि औषध देणारा वैद्य एकाच गटात बसवायचे. आणि नोकरी लागल्यावर साथ सोडायची नाही. अनेक देशांतल्या चाचण्यांत ही पद्धत जुन्या पद्धतीहून सरस ठरली आहे.

महाराष्ट्रातही या दिशेची पावले पडली आहेत. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच पुढच्यांचे सोबती केले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'तराशा' या प्रकल्पाने २०११ पासून ठाण्याच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना वसतिगृह, प्रशिक्षण आणि नोकरी अशा टप्प्यांनी मुंबईत उभे केले. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सातारा, गोवा आणि तमिळनाडू येथील स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा समावेश होता. त्यांतील एका गटाकडे गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात. सुधारणा माफक होती, पण खरी होती. आणि ती सर्वांत ठळक दिसली ग्रामीण तमिळनाडूत. टाटा संस्थेचे एक आवार धाराशिव जिल्ह्यातच, तुळजापूरला आहे. म्हणजे ज्ञान दूर नाही.

दाखल्याचा तिढा

मग अडते कुठे? कायद्यापासून पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या व्याख्येत घेतले. सरकारी नोकऱ्यांतील तीन टक्के आरक्षण मात्र अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांनाच वाटून दिले. नाव पंगतीत, पान नाही. ते पान वाढायला २०१६ चा कायदा यावा लागला. त्यात चार टक्क्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांत मिळून आहे. २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मानसिक आजाराशी निगडित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हाही भेदभाव ठरू शकतो, असे सांगितले. हे निकाल मोलाचे आहेत. पण ते प्रामुख्याने ज्याला सरकारी नोकरी आहे किंवा मिळू शकते त्याच्या कामाचे. फडातल्या कोयत्याला त्यांचा स्पर्श होत नाही.

शिवाय दाखला हवा, चाळीस टक्क्यांचा. मानसिक अपंगत्व मोजण्याच्या भारतीय मापनपट्टीत चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. म्हणजे कामासाठीच्या सवलतीचा मार्ग काम करता येत नाही हे सिद्ध करण्यातून जातो. त्यात हा आजार चढ-उतारांचा. ज्या दिवशी माणूस तालुक्याहून गाडी धरून मंडळापुढे उभा राहण्याइतका बरा असतो, त्या दिवशी तो चाळीस टक्क्यांत बसेलच असे नाही. आणि दाखला मिळाला तरी गावात तो दाखवायचा कोणाला? मुकादमाला? मुलीच्या सासरला?

शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या सरकारने २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. त्याच सुमारास प्रेरणा प्रकल्प आला. आशा कार्यकर्तीने खचलेला शेतकरी ओळखावा, त्याला समुपदेशन आणि उपचार मिळावेत, अशी त्याची रचना. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांकही आहे. दुःख ऐकून घेणारी यंत्रणा या जिल्ह्यात आता उभी आहे. ऐकून झाल्यावर त्या माणसाच्या पेरणीला बैलजोडी कोण देईल, त्याच्या म्हशीचे दूध आठ दिवस डेअरीला कोण घालील, याची व्यवस्था त्या यंत्रणेत नाही.

दोन कचेऱ्यांमधली व्यक्ती

या इतिहासातून आम्ही काढलेला निष्कर्ष साधा आहे. नव्या योजनेपेक्षा एका जोडणाऱ्या माणसाची उणीव मोठी आहे. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि रोजगार मार्गदर्शन केंद्र ही एकाच गावात आहेत. दोहोंचे कागद ओळखणारी, तालुक्यातले धंदे माहीत असलेली एक व्यक्ती हवी. सकाळच्या गोळीने जडावणाऱ्याला पहाटेच्या धारेचे काम न देता भूमच्या खव्याच्या भट्टीवर दुपारचे काम पाहणारी, मालकाशी मोजकेच बोलणारी आणि महिन्याने पुन्हा चक्कर टाकणारी. तीस वर्षांपूर्वी संवाद साहाय्यकेने घरमालक आणि अभियंता यांच्यामध्ये उभे राहून जे केले, तेच रुग्ण आणि मालक यांच्यामध्ये करायचे आहे. असे काम करू शकणाऱ्या बायका या जिल्ह्यात आहेत, हे भूकंपाने दाखवून दिले आहे.

आणि शेवटी तो अर्धा कोयता. ऊसतोडीचा धंदा निर्दय आहे, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या धंद्याच्या वहीत 'अर्धा' हा आकडा लिहिता येतो. अर्धे काम, अर्धी उचल, तरी नाव यादीत. आमच्या रोजगाराच्या कायद्यांना पूर्ण माणूस कळतो, आणि चाळीस टक्क्यांच्या वरचा अपंग कळतो. काही महिने अर्धा आणि काही महिने पूर्ण असणारा माणूस त्यांच्या वहीत अजून लिहिला जायचा आहे.