दिनविशेष : १९ ऑक्टोबर – खोडदने टिपला मंगळाचा संदेश

२०१६ साली याच दिवशी जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीने (जीएमआरटी) मंगळावर उतरणाऱ्या ‘स्कियापारेली’ यानाचे क्षीण संकेत थेट टिपले. जीवसृष्टीच्या खुणा शोधणाऱ्या युरोप-रशियाच्या ‘एक्झोमार्स’ मोहिमेतील हे चाचणीयान होते. संकेतांना पृथ्वीवर पोहोचायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. हवाईछत्र उघडल्याची चाहूल खोडदलाच लागली आणि उतरण्याच्या जरा आधी संकेत थांबल्याचेही तिथेच कळले. उंची मोजण्यात गफलत होऊन यान आदळले होते.

प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील केंद्र ती चालवते. परक्या मोहिमेने ऐन कसोटीच्या क्षणी तिच्यावर विसंबावे, हा मोठाच गौरव.

मोहिमेचे दुसरे यान त्याच दिवशी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. सूक्ष्मजीवांपासूनही निर्माण होऊ शकणारा मिथेन वायू ते तिथल्या वातावरणात शोधू लागले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या निष्कर्षांत मिथेन आढळला नाही.