पक्की मांड



शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मराठा स्वार आपल्याला भेटतो तो घोड्यावर बसलेलाच. हातात भाला, पाठीला ढाल, आणि घोडा चौखूर उधळलेला. पण हा गडी घोड्यावर चढला कधी? त्याला शिकवले कोणी? पहिल्या दिवशी तो पडला असेल का? मुले असे प्रश्न विचारतात, आणि प्रश्न रास्तच आहेत. कारण हे स्वार म्हणजे बहुतेक आपल्यासारखीच शेतकऱ्या-मेंढपाळांची पोरे. नांगर धरणारा हात लगामावर कसा आला, ते आज थोडक्यात पाहू.

शिवछत्रपतींच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. गरिबाच्या पोराला घोडा विकत घेण्याची ऐपत कुठली? त्याने बारगीर व्हावे. सभासदाच्या बखरीत या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि अशा पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी म्हणजे पखालीतून पाणी आणणारा, आणि नालबंद म्हणजे टापांना नाल ठोकणारा. स्वारांचा हिशेब मांडताना पाणी आणि नाल यांचाही हिशेब त्यातच धरलेला आहे, हे ध्यानात ठेवा. घोडदळ नुसत्या शूर माणसांचे बनत नाही.

आता नवख्या स्वाराकडे वळू. घोडा शिकायचा तो आधी जमिनीवर. घोड्याजवळ जायचे ते मागून नव्हे, तर खांद्याच्या बाजूने, तोंडाने हलकासा आवाज करीत. कारण घोडा हे मुळात भित्रे जनावर आहे. पाठीमागे काही हलले की आधी लाथ झाडील आणि मग पाहील. खरारा करताना हात अंगभर फिरतो, आणि कुठे सूज आहे, कुठे खोगिराने पाठ सोलली आहे, ते त्या हाताला कळते. टाप उचलून खडा काढायचा, तोबऱ्यात चंदी द्यायची, अगाडी-पिछाडी नीट बांधायची. ही कामे मोतद्दाराची म्हणून जो टाळील, त्याला आपला घोडा कधी कळायचा नाही.

मग वर चढणे. चढायचे डाव्या बाजूने. याचे कारण असे सांगतात की तलवार डाव्या कमरेला लटकते, तेव्हा डावा पाय रिकिबीत घालून उजवा पाय वरून टाकणे सोयीचे. तंग सैल राहिला तर खोगीर फिरते आणि स्वार सरळ पोटाखाली! म्हणून चढण्यापूर्वी तंग पाहावा. वर बसले की नवख्याची पहिली खोड म्हणजे भीतीने लगाम गच्च ओढून धरणे. त्याला वाटते, आपण लगामाच्या आधाराने बसलो आहोत. पण लगामाचे लोखंड घोड्याच्या तोंडात असते. ते खेचले की घोडा कळवळतो, मान झाडतो, मागे सरतो, आणि पोरगा अधिकच घाबरतो. खरा आधार असतो मांडीचा. म्हणून तर आपण 'पक्की मांड' म्हणतो. पाठ ताठ, नजर दोन कानांच्या मधून पुढे, टाच खाली, आणि हात हलका.

इथे भाषेची एक गंमत पाहा. लगाम, जीन, रिकीब, तोबरा, नाल हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले. मांड आणि टाच हे मात्र आपले मराठी शब्द. सामानाची नावे बाहेरून आली, पण बसणे ज्याचे त्यालाच शिकावे लागले.

चालीही क्रमाने शिकाव्या लागतात. आधी साधी चाल. मग दुडकी, जिच्यात नवख्याची हाडे खिळखिळी होतात. भरधाव त्यानंतर. पडणे तर ठरलेलेच. पडल्यावर अंग झाडून पुन्हा चढावे, पण राग घोड्यावर काढू नये. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोन नावाचा सेनानी होऊन गेला. त्याने अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला, आणि त्यात हेच बजावले, की रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, तरी त्यात फेरफार करावा लागलेला नाही.

मांड पक्की झाली म्हणजे काय होते, याची एक गोष्ट ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. हा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या बाजीरावाची तसबीर काढण्यासाठी एक चितारी पाठवला होता, आणि ज्या स्थितीत बाजीराव दिसेल त्याच स्थितीत ती काढायची होती. तसबिरीत काय आले? भाला खांद्यावर टेकलेला, अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यात कोंबलेले, आणि बाजीराव दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसे चोळून खात घोड्यावरून चालला आहे! आता शिक्षकहो, मुलांना विचारा, दोन्ही हात कणसात, मग लगाम कोणाकडे? इथे लगाम ओढून धरायला हातच मोकळा नाही. सारा भरवसा मांडीवर आणि घोड्यावर. १७२८ साली पालखेडच्या मोहिमेत याच बाजीरावाने जड तोफखान्याचे ओझे न घेता झपाझप कूच करून निजामाला कोंडीत पकडले. त्या वेगाच्या मुळाशी ही साधी बैठक होती.

पण नुसते बसता आले म्हणजे स्वार झाला असे नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना एक पत्र लिहिले. त्यातला आशय असा: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनाला येईल तसे उधळाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि तो दोष तुमच्यावर येईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, भाजी घ्यायला लागाल, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील, इथवर त्या पत्रात सांगितले आहे. छत्रपतींनी उंदराची आणि गवताची काळजी करावी! कारण त्यांना ठाऊक होते, की घोड्याची हेळसांड करणारा स्वार शेवटी शेतकऱ्याच्या जिवावर उठतो.

याची उलटी बाजू १७६१ साली पानिपतावर दिसली. वेढा पडला, दाणावैरण तुटली, आणि लढाईच्या आधीच घोडी उपासाने खंगली. मांड कितीही पक्की असो, खालचे जनावर उपाशी असले की स्वाराचे काही चालत नाही.

ही विद्या गरिबाला केवढी वर नेई, हे मल्हारराव होळकरांच्या चरित्रात दिसते. जन्म १६९३ सालचा, घर धनगराचे, गाव नीरेकाठचे होळ. वडील लवकर वारले, म्हणून आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली. मामाजवळ स्वारांचे लहानसे पथक होते. मेंढरे राखणारे पोर त्या पथकात स्वार झाले, आणि पुढे माळव्याचे सुभेदार झाले. मेंढरांच्या मागे चालणाऱ्याला जनावराचा स्वभाव उपजत कळतो. धनगरांची बिऱ्हाडे आजही तट्टांवर लादून निघतात, आणि वर लहान मूल निर्धास्त बसलेले असते. ते मूल कुठल्या शाळेत घोडा शिकले?

शेतीत आता ट्रॅक्टर आले, लढाईतला घोडा गेला. तरी दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला आणि मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. जवळपासच्या शिक्षकांनी मुलांना तिकडे अवश्य न्यावे. तिथल्या एखाद्या जुन्या चाबुकस्वाराला मुलांनी विचारावे, की घोड्याचे दात पाहून वय कसे ओळखता, अडेल घोडा कसा चालता करता. दसऱ्याला घोड्याला धुऊन झेंडूचा हार घालण्याची आपली रीत आहे. त्या हाराबरोबर मुलांना हेही सांगावे, की दसऱ्याला शिलंगण करून जे स्वार मोहिमेवर निघत, त्यांनी आदल्या पावसाळ्यात आपला घोडा पोसलेला असे. घोड्यावर बसायला शिकणे याचा अर्थ एका मुक्या जिवाचा भार उचलायला शिकणे. ते ज्यांना जमले त्यांनीच लांबची मजल मारली.