पीलने चेहरा भाजला, जबाबदार कोण?

मागच्या वर्षी इथे नाशिकमध्ये माझ्या ताईने ऑनलाइन मागवलेलं ॲसिड पील लावलं आणि गाल भाजले. बाटलीवर इशाराच नव्हता. तरी मी तिच्यावरच ओरडलो.

मग इतिहास वाचला. १८८२ मध्ये हॅम्बुर्गच्या डॉ. उन्ना यांनी सॅलिसिलिक ॲसिड, फिनॉल यांचे त्वचेवरचे परिणाम लिहिले. तेव्हा बाटली डॉक्टरच्या हातात होती. आता ती कुरिअरने घरी येते, मग जबाबदारी कोणाची?

आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो: पुरेशी सूचना, इशारा दिला नसेल तर उत्पादक जबाबदार. उत्पादकाचा पत्ताच नसेल तर विक्रेताही. पण आपणच चुकीचं वापरलं असेल, तर विक्रेत्यावरचा दावा अडतो.

म्हणून बाटली, बिल, फोटो जपा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षं असतात.

आणि हो, ताईची माफी मागितली.