उपासाचा साबुदाणा आणि आफ्रिकेतला कसावा

परवा एकादशीला खिचडी खाताना नातीने विचारलं, "आजी, साबुदाणा कशाचा करतात गं?" मी सांगितलं, कसावाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने आहेत. सांगता सांगता मनात ओशाळले. 'कसावा : आफ्रिकेतील एक प्रमुख पीक' एवढी एकच ओळ मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. तिच्यामागची गोष्ट वाचली ती निवृत्त झाल्यावर.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला. पाऊस कमी झाला तरी तो तग धरतो, कंद लागतील तसे जमिनीतून काढता येतात. म्हणून गरिबाघरचं तेच अन्न झालं. पण लागवड उसासारखी कांडीची. कांडीतला रोग पुढच्या पिकात जातो, आणि उरलेलं काम पांढरी माशी करते. पानं चट्टेरी करणाऱ्या 'मोझॅक' रोगाची पहिली नोंद १८९४ सालची, आजच्या टांझानियातली.

तिथल्याच अमानी केंद्रात १९३० च्या दशकात स्टोरी आणि निकोल्स यांनी कसावाचा संकर त्याच्या रबर देणाऱ्या रानटी भाऊबंदाशी केला. पुढे ते वंशज नायजेरियात पोचले. सांग की हान हे कोरियन शास्त्रज्ञ १९७१ मध्ये इबादानला आले आणि त्यातून त्यांनी रोगाला तोंड देणारे, भरघोस पिकणारे वाण काढले. इकिरेच्या लोकांनी त्यांना 'शेतकऱ्यांचा राजा' ही पदवी दिली.

तरी १९८० च्या दशकाअखेर युगांडात रोग पुन्हा उसळला. शेतं गेली, माणसं उपाशी राहिली. दोन विषाणूंचा संकर होऊन नवा, जास्त घातक विषाणू जन्मला होता, हे १९९७ मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं. त्या शोधात युगांडाचे ओटिम-नापे होते, पण प्रयोगशाळा स्कॉटलंडची!

मला खटकलं ते हेच. दुखणं आपल्या शेतात आणि निदान सातासमुद्रापार. उत्तर यायला महिने लागले तर शेतकऱ्याने तोवर कुठली कांडी लावायची?

हे हळूहळू बदललं. नैरोबीत अनेक देशांसाठी सामाईक प्रयोगशाळा झाली. दार-एस-सलाममध्ये मिकोचेनीला जोसेफ न्दुंगुरू आणि सहकारी स्वतः विषाणू तपासू लागले. २०१८ च्या सुमारास तर खिशात मावेल एवढं यंत्र घेऊन शास्त्रज्ञ थेट शेतात गेले. झाडाखाली बसून, काही तासांत निदान!

आणखी एक गंमत. मोझॅकला दाद न देणारं सर्वांत उपयोगी जनुक सापडलं ते नायजेरियातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या गावठी वाणात. ते नेमकं कोणतं, हे २०२२ मध्ये उलगडलं.

औषध अंगणातच होतं, ओळखायची नजर हवी होती. ती नजर घरच्या माणसांना देणं, हेच खरं शिक्षण ना? आता कधी फळ्यापुढे उभी राहिले, तर त्या एका ओळीला पूर्ण तास देईन.