रुग्णालयांतील एका अतिसाराचें मूळ

अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं आयव्हन हॉल व एलिझाबेथ ओटूल हीं दोघें संशोधक नवजात अर्भकांचा मल तपाशीत होतीं. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बालकाच्या आंतड्यांत कोणकोणते जंतु वस्तीस येतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांत एक अपरिचित जंतु आढळला. प्राणवायूचा स्पर्श त्याला सोसत नसे. वाढ तर इतकी मंद कीं, त्याला इतरांपासून वेगळा काढतां काढतां पुरेवाट व्हावी. म्हणून १९३५ सालीं त्यांनीं त्याचें नांव ठेविलें ‘बॅसिलस डिफिसिलिस’. लॅटिन भाषेंत डिफिसिलिस म्हणजे अवघड. ज्या बालकांच्या पोटीं तो नांदत होता तीं निरोगी होतीं. मात्र त्याचें विष टोंचलें असतां गिनीपिग व ससे मरत. ही विसंगति हॉल व ओटूल यांनीं नमूद करून ठेविली, आणि पुढें सुमारें चाळीस वर्षें वैद्यकानें त्या जंतूकडे जवळजवळ पाठच फिरविली.

इकडे रुग्णालयांत एक व्याधि निराळ्याच वाटेनें वाढत होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांतील शस्त्रवैद्य फिनी यांनीं १८९३ सालीं एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली होती. जठरावरील शस्त्रक्रियेनंतर तिला भयंकर अतिसार होऊन ती दगावली, आणि शवपरीक्षेंत आंतड्याच्या आंतल्या अंगास, घटसर्पांत घशाला येतो तसा पापुद्रा दिसला. पुढें पेनिसिलिनच्या मागोमाग निरनिराळीं जंतुनाशक औषधें निघालीं, तसा हा विकार वारंवार दिसूं लागला. दोष स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या माथीं मारण्यांत आला. माहितीतल्या चोरालाच प्रथम पकडावयाचें, ही फौजदारी रीत वैद्यकांतही चालते.

१९५८ सालीं बेन आयझमन यांनीं, तेंही डेन्व्हरमध्येंच, निराळा विचार केला. औषधांनीं आंतड्यांतले नेहमींचे जंतुही मारले गेले, म्हणून हें संकट ओढवलें, असा तर्क करून त्यांनीं चार अत्यवस्थ रोग्यांना निरोगी माणसाचा मल पाण्यांत कालवून बस्तीवाटे दिला. ऐकून किळस येईल. पण चौघेही बरे झाले. खरा अपराधी ठाऊक नसतां उपाय हातीं आला होता! परंतु चार रोग्यांच्या हकीकतीवर आणि असल्या ओंगळ औषधावर विश्वास कोण ठेवणार?

स्टॅफिलोकॉकसवरील आरोप १९७४ सालीं ढांसळला. सेंट लुई येथें टेडेस्को व त्यांचे सहकारी यांनीं क्लिंडामायसिन हें औषध घेणारे २०० रोगी पाहिले. पैकीं ४२ जणांना अतिसार झाला, व २० जणांच्या आंतड्यांत नळी घालून पाहतां तोच पापुद्रा आढळला. स्टॅफिलोकॉकस मात्र सांपडेना. मग बोस्टनमध्यें जॉन बार्टलेट यांनीं हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्यांना तेंच औषध दिलें. ते मेले. त्यांच्या आंतड्यांत जें विष होतें तें क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली नामक जंतूच्या उताऱ्यानें निष्प्रभ होई. संशय अर्थातच सॉर्डेलीवर गेला. पण शोधूं जातां हातीं लागला तो १९३५ चा अवघड जंतु! दोघांचीं विषें इतकीं सारखीं कीं, एकाचा उतारा दुसऱ्यावर चाले. १९७८ सालीं बोस्टन व इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनीं मानवी रोग्यांतही हेंच दाखवून दिलें. त्या वेळीं त्याचें नांव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल होतें. २०१६ पासून तें क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झालें.

पोटांतील नेहमींचे जंतु जागा अडवून असतात तोंवर याला वाव नसतो. औषधानें तीं घरें ओस पडलीं कीं हा पसरतो. त्याचे बीजाणु खाटेवर, भांड्यावर महिनेमहिने टिकतात. मद्यार्कानें हात पुसून ते मरत नाहींत. साबण लावून पाण्यानें हात धुवावे लागतात.

व्हँकोमायसिननें रोगी बरा होतो खरा, परंतु सुमारें पांचांपैकीं एकाला हा विकार पुन्हां गांठतो. अशा उलटलेल्या रोग्यांवर ॲम्स्टरडॅम येथें आयझमन यांचाच उपाय पारखण्यांत आला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा: निरोगी दात्याचा मल नळीवाटे लहान आंतड्यांत सोडलेल्या १६ रोग्यांपैकीं १३ पहिल्याच खेपेस बरे झाले, केवळ व्हँकोमायसिन घेणाऱ्या १३ पैकीं अवघे ४. अंतर एवढें पडलें कीं, प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला. अमेरिकन सरकारनें या तऱ्हेच्या औषधास पहिली मान्यता दिली ती २०२२ च्या नोव्हेंबरांत, आणि तें गुदमार्गानेंच द्यावयाचें होतें. पुढच्या एप्रिलांत तोंडानें घ्यावयाच्या कॅप्सूललाही ती मिळाली.