घोडीने मान झुकवली, तो फोटो

रेल्वेचा इतिहास म्हटला की इंजिनांची ताकद, पुलांची लांबी आणि उद्घाटनाच्या तारखा नोंदवल्या जातात. गाडीची वाट पाहणारी माणसं त्यातून निसटतात. अमेरिकेतल्या ॲबिंग्डन शाखेवरची माणसं मात्र निसटली नाहीत. याचं श्रेय ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराला द्यावं लागेल.

व्हर्जिनियातलं ॲबिंग्डन ते नॉर्थ कॅरोलिनातलं वेस्ट जेफरसन, असा सुमारे ५५ मैलांचा हा डोंगरी मार्ग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो प्रामुख्याने जंगलातलं लाकूड बाहेर काढण्यासाठी पुढे नेला गेला. वाटेत असंख्य लाकडी पूल आणि ३,५७७ फूट उंचीवरचं व्हाइट टॉप स्टेशन. गाडी इतकी सावकाश चढायची की लोक तिला ‘व्हर्जिनिया क्रीपर’ म्हणत. त्या भागातल्या एका वेलीचं हे नाव. पुढे जंगल तुटलं आणि गाडीचं कामही आटत गेलं.

लिंक शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, पण पोट जाहिरातींच्या फोटोंवर. १९५५मध्ये त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीच्या वाफेच्या गाड्या टिपायला सुरुवात केली. इतर मोठ्या कंपन्या तेव्हा डिझेलकडे वळत होत्या. कंपनीने परवानगी दिली, पैसे नाहीत. १९६०पर्यंत त्याने पदरमोड करून सुमारे २,४०० निगेटिव्ह जमवल्या, गाड्यांचे आवाजही टेप केले.

त्याचं नाव झालं ते रात्रीच्या फोटोंमुळे. क्रीपर मात्र त्याने दिवसाच्या उजेडात, डोंगरांसह टिपली. १९५६चा ग्रीन कोव्ह स्टेशनचा फोटो पाहा. इंजिन धूर सोडत येतंय आणि गाडीला जुंपलेली मॉड नावाची म्हातारी घोडी मान खाली घालून उभी आहे. जणू एका जुन्या वाहनाने दुसऱ्याला केलेला सलाम!

लिंक दृश्यं ठरवून जुळवायचा. मग अशा फोटोला पुरावा मानायचं का? मला वाटतं, मानावं. पण डोळे उघडे ठेवून. घोडी खरी, स्टेशन खरं, इंजिन खरं. त्यांना एका चौकटीत आणण्याचा निर्णय लिंकचा. या चौकटीत गावाची सवय दिसते, तोडलेलं जंगल दिसत नाही. देखणा फोटो तोट्याचा हिशेबही सांगत नाही. तो इतर कागदांतूनच शोधावा लागतो.

१९५७मध्ये या शाखेवरची वाफेची इंजिनं गेली. १९७७मध्ये गाडीच बंद झाली आणि रूळ उखडले गेले. त्या वाटेवर पुढे चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग झाला. कंपनीच्या लेखी एक तोट्यातली शाखा बंद झाली, एवढंच. गावाच्या लेखी काय गेलं, हे समजून घ्यायचं तर या फोटोंपाशीच यावं लागतं.